हमाच्या गच्चीवरची लुबाबा

लुबाबा लग्न होऊन हमा शहरात आली, तेव्हा नवऱ्याचा धंदा नेमका काय आहे हे तिला नीटसं ठाऊक नव्हतं. सलमिया गावच्या एका खोगीरवाल्याची ती मुलगी. चामडं, मेण, टाके आणि उधारीवरून भांडणारे उंटवाले, एवढंच जग तिनं पाहिलेलं. बापानं सांगितलं होतं, "मोठ्या मशिदीत नोकरी आहे, वेळ राखायची." तिला वाटलं, पहारेकरी असेल.

पहिल्याच आठवड्यात तिनं मसूर शिजवून, वर कांदा परतून घातला आणि गरम भाकऱ्यांची चवड नवऱ्यापुढे ठेवली. बुरहाननं पहिला घास मोडला, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि घास तसाच ठेवून जिना चढून गच्चीवर गेला. परत आला तोवर मसुरीवर साय धरली होती.

"कुठे गेला होतास?"

"ऊन भिंतीवरून उतरायची वेळ झाली होती."

"मग उतरू द्यायचं. उद्या परत चढलं असतं."

"ते उद्याचं ऊन," बुरहान म्हणाला आणि गार जेवण आनंदानं जेवला. लुबाबानं मनात म्हटलं, बापानं मला वेड्याच्या गळ्यात बांधलं.

त्यांच्या घराची भिंत मशिदीच्या भिंतीला लागून होती. गच्चीवर उभं राहिलं की मशिदीचं अंगण दिसे, समोर मनोरा, आणि पलीकडे आसी नदीवर रात्रंदिवस कण्हणारे ते प्रचंड लाकडी रहाट. गच्चीच्या मधोमध बुरहाननं स्वतःच्या हातानं एक भिंत बांधली होती, बरोबर दक्षिणोत्तर. सकाळी तिच्या पूर्वेकडच्या अंगावर ऊन असे. सूर्य ऐन माथ्याच्या रेषेवर आला की ते ऊन भिंतीवरून सरकन निघून जाई. तीच दुपार. त्यानंतर सूर्य कलला की दुपारच्या नमाजाची वेळ सुरू होई. पुढे माणसाची सावली त्याच्या उंचीएवढी वाढली की तिसऱ्या प्रहराची. हे सगळं बुरहाननं सांगायचं, मनोऱ्यावरच्यानं बांग द्यायची, आणि ती ऐकून गावातल्या लहानमोठ्या साऱ्या मशिदींनी आपापली. बुरहान चुकला की गाव चुकलं.

पण बुरहानला नुसती वेळ राखून समाधान नव्हतं. तो दमास्कसला शिकून आला होता. तिथल्या उस्तादांनी सूर्याच्या उंचीचे तक्ते दिले होते, आणि हमात सगळे तेच वापरत. बुरहानला ते सलत असे.

"दमास्कस आपल्या दक्षिणेला," तो एकदा लुबाबाला म्हणाला. "तिथला सूर्य आपल्यापेक्षा थोडा वर चढतो. आपण त्यांच्या सूर्यावर नमाज पढतो."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडाच."

"मग कुणाचं काय अडलं?"

"कुणाचं नाही. पण माप आपलं नाही." आणि मग तो बराच वेळ बोलत राहिला. ग्रीकांनी आकडे मांडले. बगदादच्या पंडितांनी ते घेतले, पण डोळे मिटून नाही. वाळवंटात जाऊन स्वतः मोजलं, ग्रीकांचं जिथे चुकलं तिथे तसं लिहिलं. दमास्कसवाल्यांनी बगदादवाल्यांचं तपासलं. "प्रत्येकानं आपल्या अंगणातला सूर्य मोजला म्हणून हे ज्ञान इथवर आलं, लुबाबा. हमाचा कुणी मोजलेलाच नाही."

लुबाबाला त्यातलं निम्मं कळलं. पण हा माणूस वेडा नाही, हे त्या दिवशी तिला पक्कं समजलं.

बुरहानला त्या भिंतीवर एक मोठी पाव-वर्तुळाची कमान कोरायची होती. वरच्या कोपऱ्यात लोखंडी खुंटी. खुंटीची सावली कमानीवर पडेल, आणि ऊन निघून जायच्या क्षणी ती जिथे असेल तिथे सूर्याची त्या दिवसाची उंची. कमानीचे सारखे नव्वद भाग करायचे होते. बुरहाननं चुन्याच्या गिलाव्यावर आखायला घेतलं. शेवटी पाहतो तर एक भाग बोटभर जास्तीचा उरलेला. त्यानं पुसलं, पुन्हा आखलं. या खेपेस कमी पडला.

लुबाबा धुणं वाळत घालत होती. तिनं विचारलं, "एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाललास का?"

"मग कसं जायचं?"

"खोगिराच्या कडेला टाके घालताना असं गेलं तर शेवटचा टाका हसतो. आधी मोठे तुकडे पाडायचे, मग त्यांचे लहान." माहेरून आणलेल्या पेटीतून तिनं चामड्यावर अंतरं आखायचा बापाचा जुना कर्कटक काढला. "पण मोठे तुकडे किती ते तू सांग. ते मला येत नाही."

ते बुरहानला येत होतं. वर्तुळाच्या कडेवर त्याच्याच त्रिज्येचे सहा टप्पे बसतात, हे त्यानं तिला दाखवलं, आणि ते पाहून ती थक्क झाली. तीन दिवस दोघं गच्चीवर ओणवी होती. कमान पुरी झाली तेव्हा दोघांच्या केसांत चुना होता.

तेव्हापासून दुपारचं काम दोघांचं झालं. ऊन निघून जाण्यावर एकानं नजर ठेवायची, सावलीची कड दुसऱ्यानं वाचायची. जेवण दुपारनंतर व्हायला लागलं आणि मसूर गार होणं थांबलं. पुढे संध्याकाळी तो तिला आकडेमोडही शिकवू लागला. त्यात कोनाच्या एका मापासाठी एक शब्द वारंवार येई, 'जैब'. जैब म्हणजे खिसा.

"आकाश मोजायला निघालात, आणि हात सारखा खिशात," लुबाबा म्हणाली.

"तो खिसा नाही. मूळ शब्द हिंदवाल्यांचा. धनुष्याच्या दोरीला ते 'जीवा' म्हणतात, तो. आपल्या लोकांनी ऐकला तसा लिहिला, पुढच्यांनी लिहिला तसा वाचला, आणि झाला खिसा."

"म्हणजे पंडितसुद्धा ऐकीव गोष्टीवर चालतात."

"शब्दांच्या बाबतीत चालतात. आकडे तपासतात."

मूल एकही राहिलं नाही. दोन झाली ती जगली नाहीत. त्या दिवसांतही दुपारी दोघं वर जात. बोलत नसत, पण जात.

मनोऱ्यावर बांग द्यायला शेख मिसबाह होता. मिसबाह म्हणजे दिवा, आणि हा जन्माचा आंधळा. मनोऱ्यावरून लोकांच्या अंगणात नजर जाऊ नये म्हणून आंधळा बरा, असं मशिदीच्या लोकांना वाटलं होतं. आवाज असा की रहाटांच्या कण्हण्यावरून थेट पलीकडच्या बागांत जाई. त्याला खूण कशी करायची, यावर बुरहाननं तोड काढली होती. गच्चीपासून मनोऱ्याच्या सज्ज्यापर्यंत एक दोरी, तिचं एक टोक मिसबाहच्या मनगटाला. वेळ झाली की हिसका.

"उंट वळवतोय की काय," मिसबाह खाली उतरल्यावर कुरकुरे. "बांग देणारा आहे मी, बाबा. जरा अदबीनं ओढ."

"अदबीनं ओढली तर तू झोपेतून उठत नाहीस."

"मी झोपलेलो नसतो, ध्यानात असतो."

"ध्यानात घोरणारा तू पहिलाच."

अशी वर्षं गेली. तक्ता हळूहळू भरत होता. एकेका दिवसाची उंची एकाच वर्षात धरता येत नाही. कधी ढग, कधी धूळ, कधी ताप. राहिलेली जागा पुढच्या वर्षी त्याच दिवशी भरायची. बुरहानची दाढी त्या तक्त्याबरोबरच पांढरी झाली.

मग गाठीची साथ आली. आधी गाझाकडून बातमी आली, मग दमास्कसहून येणारे व्यापारीच यायचे थांबले. हमात पहिल्यांदा मुसाफिरांच्या सराईत माणसं मेली, नंतर रंगाऱ्यांच्या आळीत, नंतर कुठे नाही ते विचारावं. मशिदीच्या अंगणात जनाजे रांगेनं ठेवलेले असत आणि एका नमाजात साऱ्यांचं उरकलं जाई. गावातल्या एकेका मनोऱ्याची बांग बंद पडत गेली. कुठे बांग देणारा मेला, कुठे पळाला. चौकात एक ज्योतिषी बसू लागला, ग्रहांची नावं लिहिलेले कागद विकायला. बुरहाननं त्याला हटकलं, तर तो म्हणाला, "तूही आकाशच विकतोस की."

"मी 'कधी' ते सांगतो," बुरहान म्हणाला. "'काय' ते नाही."

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी अंगरखा चढवताना बुरहानचा हात वर जाईना. काखेत गाठ होती. त्यानं ती चाचपली आणि लुबाबाला म्हणाला, "तू सलमियाला जा. भावाकडे."

"तिथे काय साथ नाही?"

"निदान या खोलीत तरी थांबू नकोस."

"गप्प पड," ती म्हणाली आणि त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं.

दुपार होत आली तसा तो चुळबुळ करू लागला. डोळे सारखे जिन्याकडे. लुबाबानं पाण्याचं भांडं त्याच्या हाताशी ठेवलं आणि वर गेली. एकटीनं ऊन पाहायचं आणि सावलीही वाचायची, हे तिनं कधी केलं नव्हतं. तिनं भिंतीच्या कडेला गाल टेकवला आणि एका डोळ्यानं ऊन, एका डोळ्यानं सावली धरली. ऊन गेलं. तिनं कमानीवर कोळशानं खूण केली, सूर्य पुरता कलेपर्यंत थांबली आणि दोरी ओढली.

मिसबाहची बांग आली, पण किंचित उशिरानं. नंतर तो खाली येऊन अंगणात तिच्या गच्चीखाली बसला.

"हा हात बुरहानचा नव्हे," तो हळू आवाजात म्हणाला.

लुबाबा वरून म्हणाली, "नाही, काका."

"कसा आहे तो?"

वरून नुसता दोरी गुंडाळल्याचा आवाज आला. मिसबाहला ते पुरलं.

"वेळ बरोबर होती?"

"बरोबर होती."

"मग मला बाकी काही विचारायचं नाही. तू ओढ, मी देतो. आणि कुणी विचारल्याशिवाय आपण सांगायचं नाही. लोकांना सध्या एवढे घोर आहेत, त्यात हा कशाला."

बुरहान चौथ्या दिवशी पहाटे गेला. तो शुद्धीत असताना तिनं त्याला रोजचा आकडा कानात सांगितला होता, आणि एकदा तो पुटपुटला होता, "कालच्यापेक्षा कमी हवा." कमीच होता. दिवस उतरणीचे होते, सूर्य रोज थोडा खाली. हे त्याला मरणाच्या दारात आठवत होतं, याचं तिला पुढे कितीतरी वर्षं नवल वाटत राहिलं.

जनाजा शेजाऱ्यांनी उचलला. मिसबाह गच्चीखाली आला. "आज नको ओढूस, लेकी. आज मी अंदाजानं देईन."

"अंदाजानंच द्यायची होती, तर त्यानं जन्म कशाला घालवला?" लुबाबा म्हणाली, आणि जिना चढली.

विधवेनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं. तिला बाहेर पडायचंच नव्हतं. गच्ची घराचीच होती. पहाटेचा पांढरा पट्टा, दुपार, तिसरा प्रहर, सूर्यास्त, संधिप्रकाश विझणं, नमाजाच्या पाचही वेळा तिनं धरल्या. गावात आता मिसबाहचाच आवाज काय तो उरला होता. लोक म्हणत, तो ऐकू आला की कळतं, आपण अजून आहोत.

एकदा आभाळ दाटून आलं. भिंतीवर ऊन नाही, सावली नाही. त्या दिवशी दोरी फार उशिरा हलली.

"आज सूर्य लंगडत होता काय?" मिसबाहनं विचारलं.

"दिसलाच नाही. म्हणून थांबले. वेळेआधी झालेली नमाज कुणाचीच कबूल होत नाही. थोडी उशिरा झाली तर सगळ्यांची होते."

"हे तुला बुरहाननं शिकवलं?"

"हे मला भीतीनं शिकवलं, काका."

मिसबाहनं मनगटावरचा दोरीचा वळ चोळला. मग म्हणाला, "माझ्या काळात सात जणांनी वेळ राखली. भीती वाटणारे फक्त तुम्ही दोघं."

त्याच दिवसांत शेजारची हिलालची आई दार वाजवून आत आली. हिलालला ताप चढला होता. डोक्यावरची ओढणी सुटलेली, पायांत काही नाही. "लुबाबा, तू रोज वर पाहतेस. तारे काय म्हणतात ते सांग. माझं पोर राहील का?"

लुबाबानं तिला बसवलं. चौकातल्या ज्योतिषाला या बाईनं कानातले काढून दिले होते, हे तिला ठाऊक होतं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्या क्षणी ते दयेचंही वाटलं असतं.

"ताऱ्यांना ठाऊक नसतं, बाई," ती म्हणाली. "ठाऊक असतं तर माझा नवरा मला सांगून गेला असता. पण मी तुझ्याबरोबर येते. गाठीवर शेक कसा द्यायचा ते मला येतं, आणि दुपारपर्यंत मला काम नाही."

ती गेली. घराबाहेर पडायचं नाही हा नियम त्या दिवशी मोडला. भिंतीला भिंत लागून आहे, अशी तिनं मनाची समजूत घातली. हिलाल जगला. त्याची धाकटी बहीण गेली. हिलालची आई नंतर कधी ताऱ्यांबद्दल बोलली नाही, पण ईदला कणकेची खजूर भरलेली पहिली वडी लुबाबाकडे येऊ लागली.

साथ ओसरली. माणसं एकमेकांना मोजू लागली, आणि मग बोलणंही सुरू झालं. कुणीतरी गच्चीवर बाई पाहिली होती. बातमी काझींपर्यंत गेली. काझींचे दोन भाऊ साथीत गेले होते. माणूस करडा पण न्यायी. ते स्वतः आले. लुबाबा पडद्याआड बसली, मिसबाह उंबऱ्याशी.

"शहरातली जी एक बांग ऐकू येत होती," काझी म्हणाले, "तिच्यावर मीही नमाज पढलो. लोक म्हणतात, ती वेळ एका बाईनं ठरवली. खरं आहे?"

"खरं आहे," लुबाबा म्हणाली.

"मग मला हे पाहायला हवं, की वेळ सांगणं ही साक्ष आहे की खबर. साक्षीला एका पुरुषाच्या जागी दोन बायका लागतात."

मिसबाह खाकरला. "काझीसाहेब, एक विचारू? लहानपणी तुम्ही आपल्या आत्याकडे बसून पैगंबरांची वचनं ऐकलीत. एकट्या आत्याकडे. त्यावर आजही निवाडे देता. ती साक्ष होती की खबर?"

काझींनी उंबऱ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या दाढीत हसू हललं. "खबर. आणि सांगणारी खरी असली की एकटीची पुरते. शेख मिसबाह, तू मनोऱ्यावर फुकट गेलास, कचेरीत हवा होतास."

"कचेरीत सज्जा नसतो, साहेब. वारा लागत नाही."

तरी काझींनी नुसत्या शब्दावर भिस्त ठेवली नाही, आणि लुबाबाला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच आत्या पाठवली. म्हातारी दोन दासींच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढली, भिंतीसमोर बसली आणि दुपार होईपर्यंत प्रश्न विचारत राहिली. खुंटी वाकली तर? गिलावा फुगला तर? सावलीची कड धूसर असते, ती कुठली धरतेस? लुबाबानं दोन्ही कडा दाखवल्या आणि मधली कशी काढायची तेही. ऊन भिंतीवरून गेलं तेव्हा म्हातारीनं आपला सुरकुतलेला हात तिच्यावर ठेवला. गिलावा अजून ऊबदार होता.

"ऐंशी वर्षं दुपार पाहत आले," ती म्हणाली. "ती जाते कशी, ते आज पाहिलं."

काझींनी निर्णय दिला. जागा रिकामी समजायची, काम लुबाबानं करायचं, बुरहानचं वेतन घरी येत राहायचं. योग्य माणूस मिळाला की बघू.

योग्य माणूस मिळायला वेळ लागला; साथीनं दमास्कसपासून हलब शहरापर्यंत तसे लोकही फारसे ठेवले नव्हते. तोवर लुबाबानं तक्त्याचं उरलेलं काम काढलं. दुपारच्या उंची बुरहाननं जवळजवळ पुऱ्या केल्या होत्या. त्यांवरून तिसऱ्या प्रहराच्या वेळा काढायच्या राहिल्या होत्या, आणि ती निव्वळ आकडेमोड होती: साठाच्या गटांत मोजायचे गुणाकार, ते जैबचे खिसे, पुन्हा गुणाकार. पहिल्या हिवाळ्यात ती कितीदा रडली. एकदा तर दौत भिंतीवर फेकली. पण प्रत्येक आकडा ती दुसऱ्या दिवशी उन्हात उभी राहून ताडून पाही, आणि जुळला की त्या दिवशी तिला भूक लागे.

शेवटी हलबहून सिराज नावाचा मध्यम वयाचा माणूस आला. तो अबोल होता आणि पायानं अधू. त्यानं तक्ता पाहिला आणि म्हणाला, "बाई, मी हा लगेच वापरणार नाही. आधी वर्षभर तपासेन."

"तपासला नसतात, तर मी दिला नसता," लुबाबा म्हणाली.

वर्षभर तो रोज भिंतीशी उभा राहिला. त्याला काही आकडे जरा इकडेतिकडे सापडले, बहुतेक हिवाळ्यातले; त्यानं ते तिला दाखवले आणि दोघांनी मिळून दुरुस्त केले. वर्ष संपलं तेव्हा स्वच्छ प्रत करताना त्यानं विचारलं, वर नाव कुणाचं घालू?

"बुरहानचं."

सिराज थोडा घुटमळला. मग त्यानं लिहिलं: हमाचा तक्ता, बुरहान आणि त्याच्या घरच्यांनी केलेला. तिकडे बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत, 'घरचे' म्हणतात. वाचणाऱ्याला कळायचं ते कळलं. मिसबाहनं ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाला, "माझं नाव नाही ते बरं झालं. मी तर झोपलेलो असायचो."

पुढे लुबाबाला गच्चीवर जायची गरज उरली नाही, गुडघेही राहिले नाहीत. आळीतल्या बायका तिसऱ्या प्रहरी तिच्या अंगणात जमू लागल्या. त्यांना तिनं आपल्याच पावलांनी आपली सावली मोजायला शिकवलं. आळीतल्या प्रत्येकीला आपली दुपारची सावली कुठल्या महिन्यात किती पावलं असते ते पाठ झालं. म्हातारपणी एकदा हिलालच्या आईनं तिला विचारलं, एवढी वर्षं एकाच भिंतीकडे पाहून कंटाळा नाही आला?

लुबाबा जर्दाळू सोलत होती. "भिंत एक होती," ती म्हणाली, "ऊन रोज वेगळं होतं," आणि जर्दाळूची फोड तिच्या हातावर ठेवली.